दोन टोकांना पत्ते किती?

दोन राऊटर आणि मध्ये एक फायबर. टोकं दोन, तेव्हा पत्ते दोनच लागणार, हे कोणीही सांगेल. पण इथेच घोडं पेंड खातं. या दोन टोकांसाठी चार पत्ते अडवावेत, नेमके दोन घ्यावेत, एकही घेऊ नये, की १८ वर अठरा शून्यं भरतील एवढे राखून ठेवावेत, यावर नेटवर्कवाल्यांमध्ये गेली तीसेक वर्षं वाद चालू आहे. चारही मतांना आपापली कारणं आहेत. मात्र त्यांतली काही कारणं आता शिळी झाली आहेत, आणि तरीही ती जुन्या आराखड्यांतून नव्या आराखड्यांत जशीच्या तशी उतरवली जातात. म्हणून हा आढावा.

हिशेब समजायला थोडी उजळणी पुरेशी आहे. नेटवर्कमधली माणसं पत्त्यांच्या ब्लॉकला ‘स्लॅश तीस’, ‘स्लॅश एकतीस’ असं म्हणतात. स्लॅशपुढचा आकडा म्हणजे पत्त्यातले किती बिट पक्के झाले ते. आयपीव्ही४चा पत्ता ३२ बिटांचा, म्हणून /३० मध्ये पत्ते चार, /३१ मध्ये दोन आणि /२४ मध्ये २५६. आयपीव्ही६चा पत्ता १२८ बिटांचा, तिथे दोन पत्त्यांचा ब्लॉक म्हणजे /१२७. आकडा वाढला की ब्लॉक आक्रसतो.

सबनेट पाडायची रीत आरएफसी ९५० ने ऑगस्ट १९८५ मध्ये घालून दिली. त्या काळापासूनचा संकेत असा, की सबनेटमधला पहिला पत्ता, म्हणजे ज्याचे मोकळे बिट सगळे शून्य, तो त्या नेटवर्कची ओळख. आणि शेवटचा, सगळे एक असलेला, तो ब्रॉडकास्टचा. उरलेले यंत्रांना. शे-दीडशे संगणकांच्या कार्यालयात हे दोन पत्ते गेले तरी कोणाला जाणवत नाही. दोन टोकांच्या लिंकवर मात्र दोन पत्ते वापरायचे तर चार घ्यावे लागतात. १०.२०.३०.० पासून /३० घेतला, तर .० नेटवर्कला, .३ ब्रॉडकास्टला आणि राऊटरांच्या वाट्याला .१ आणि .२. निम्मा माल वाया.

त्या आधीची परिस्थिती पाहिली तर /३० ही चैन नव्हती, काटकसर होती. रिपच्या पहिल्या आवृत्तीसारखे प्रोटोकॉल मार्गांची जाहिरात करताना मास्क पाठवतच नसत. त्यामुळे एका नेटवर्कमध्ये सगळीकडे एकच मास्क चालवावा लागे. कार्यालयात /२४ असेल तर दोन शहरांमधल्या सिरियल लाइनलाही /२४, म्हणजे वापरण्याजोग्या २५४ पत्त्यांपैकी २५२ पडून. ओएसपीएफ आणि रिप-२ हे मास्क सोबत नेणारे प्रोटोकॉल रुळले, तेव्हा कुठे लिंकसाठी वेगळा, छोटा मास्क लावता येऊ लागला. नव्वदच्या दशकात शिकलेल्या पिढीच्या हाताला /३० चं वळण लागलं ते तेव्हा. .१-.२, .५-.६, .९-.१० हा पाढा अजूनही पुष्कळांना झोपेत म्हणता येतो.

डिसेंबर २००० मध्ये आरएफसी ३०२१ आला. रेताना, व्हाइट, फुलर आणि मॅकफर्सन या चौघांनी त्यात सरळ प्रश्न विचारला: ज्या लिंकवर समोर एकच यंत्र आहे, तिथे ‘सगळ्यांना’ उद्देशून पाठवायचं म्हणजे कोणाला? ब्रॉडकास्टला तिथे अर्थच नाही, आणि नेटवर्कच्या ओळखीसाठी वेगळा पत्ता अडवायचीही गरज नाही. तेव्हा /३१ मधले दोन्ही पत्ते राऊटरांनाच द्या. ज्या प्रोटोकॉलांना लिंकवर ब्रॉडकास्ट लागतोच, त्यांना २५५.२५५.२५५.२५५ आहे, ओएसपीएफसारख्यांचं मल्टिकास्टवर भागतं.

या प्रस्तावाला संरक्षणाचीही बाजू होती. त्या सुमारास ‘स्मर्फ’ हल्ल्यांनी लोक हैराण झाले होते. कोणीतरी दूरवरून एखाद्या सबनेटच्या ब्रॉडकास्ट पत्त्यावर पिंग पाठवायचं, पाठवणारा म्हणून सावजाचा पत्ता लिहायचा, की त्या सबनेटमधली सगळी यंत्रं सावजावर उत्तरांचा मारा करणार. असे बाहेरून येणारे ब्रॉडकास्ट राऊटरांनी मुळातच बंद ठेवावेत, असं ऑगस्ट १९९९ मध्ये आरएफसी २६४४ ने बजावलं होतंच. /३१ वर तर असा पत्ता अस्तित्वातच नसतो.

मग सगळे लगोलग /३१ वर का गेले नाहीत? एक कारण यंत्रांचं. सिस्कोच्या आयओएसमध्ये इथरनेटवर /३१ लावला की हा मास्क जपून वापरा, अशी सूचना पडद्यावर येते. इथरनेट हे स्वभावतः अनेक यंत्रांचं माध्यम, म्हणून ती सूचना. दोन राऊटर थेट जोडलेले असतील तर तिच्याकडे दुर्लक्ष करायला हरकत नाही. पण नवशिका अभियंता ती वाचून दचकतो आणि /३० वर परततो. तालुक्याच्या गावातल्या इंटरनेट पुरवठादारांकडे सर्रास दिसणाऱ्या एका स्वस्त राऊटरच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये /३१ सरळ चालतच नसे. लोकांनी त्यावरही तोड काढली: दोन्ही टोकांना /३२ द्यायचा आणि नेटवर्कच्या रकान्यात समोरच्याचा पत्ता भरायचा. चालतं, पण रात्री दोन वाजता लाइन पडल्यावर दुसऱ्या कोणी ते वाचलं तर त्याला भोवळ येते.

दुसरं कारण सवयीचं. /३१ ची जोडी सम आकड्यापासून सुरू होते: .०-.१, .२-.३, .४-.५. /३० च्या पाढ्यावर वाढलेला माणूस .१ आणि .२ टाकतो, आणि ते दोन वेगवेगळ्या /३१ मध्ये पडतात. लिंक वर असते, दिवा हिरवा असतो, पिंग मात्र जात नाही. हा घोळ हुडकण्यात अख्खी दुपार जाऊ शकते.

आता पत्त्यांचा भाव पाहू. जागतिक साठ्यातले शेवटचे /८ ब्लॉक ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपले. आशिया-प्रशांत भागासाठी पत्ते देणारी एपीनिक त्याच वर्षी १५ एप्रिलला आपल्या शेवटच्या /८ वर आली. त्यानंतर प्रत्येक सदस्याला मिळणाऱ्या पत्त्यांना कात्री लागली, आणि फेब्रुवारी २०१९ पासून तिथे नव्या सदस्याला जास्तीत जास्त /२३ मिळतो, म्हणजे ५१२ पत्ते. भारतात हे काम निक्सीच्या आयआरआयएनएन मार्फत होतं. आता एखाद्या जिल्ह्यापुरतं सी वर्गाचं लायसन्स घेतलेल्या पुरवठादाराचं गणित मांडा. त्याच्याकडे टॉवर, पॉप आणि लीज्ड लाइनचे ग्राहक धरून ४० लिंक आहेत. सगळ्यांना सार्वजनिक पत्त्यांतून /३० दिला तर १६० पत्ते गेले, साठ्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा, आणि त्यातले ८० कधीच कोणाच्या उपयोगी पडणार नाहीत. /३१ दिला तर ८० मध्ये काम भागतं. वाचलेल्या ८० पत्त्यांमागे नॅटची आणखी गिऱ्हाइकं बसवता येतात. आपल्याकडे लीज्ड लाइनच्या ग्राहकाला ‘वॅन पूल’ म्हणून /३० देण्याची रूढी आहे. ग्राहकाचा फायरवॉल /३१ घेईल की नाही याची खात्री नसते, हे तिच्यामागचं खरं कारण, आणि ते मला मान्य आहे. आपल्याच दोन राऊटरांमध्ये /३० ठेवायला मात्र आज कसलीच सबब उरलेली नाही.

यावर काही जण म्हणतात, सार्वजनिक पत्ते हवेतच कशाला? १०.०.०.० मधले खाजगी पत्ते लावा आणि खुशाल /३० वापरा. कंपनीच्या आतल्या नेटवर्कसाठी हे बिनधोक. पण दुसऱ्यांचं ट्रॅफिक वाहणाऱ्या पुरवठादाराने आपल्या कण्यात खाजगी पत्ते लावले की काय होतं, ते सप्टेंबर २०१२ च्या आरएफसी ६७५२ ने उलगडून सांगितलं आहे. वाटेतल्या राऊटरला एखादं पॅकेट मोठं वाटलं, तर ‘लहान करून पाठव’ असा निरोप तो पाठवणाऱ्याला देतो, आणि तो निरोप निघतो राऊटरच्या स्वतःच्या पत्त्यावरून. तो पत्ता खाजगी असेल, तर खाजगी पत्त्यांवरून येणारं सगळं गाळणारी पलीकडची नेटवर्कं तो निरोप दारातच फेकून देतात. मग एखादी वेबसाइट अर्धी उघडते आणि तिथेच लटकते. ग्राहक फोन करून सांगतो की नेट चालू आहे पण बँकेचं पान येत नाही, आणि मदत कक्षातला मुलगा त्याला राऊटर बंद-चालू करायला सांगतो. ट्रेसराऊटमध्ये मधल्या ओळी कोणाच्या हेही कळत नाही. अशा तक्रारीत पहिली शंका लिंकच्या पत्त्यावर कोणी घेत नाही, म्हणून हा दोष वर्षानुवर्षं तसाच राहतो.

लिंकला पत्ताच न देणं ही तिसरी वाट. तिला अननंबर्ड म्हणतात. राऊटरला स्वतःचा एक पक्का लूपबॅक पत्ता असतो. सगळे इंटरफेस तोच वापरतात. पत्त्यांच्या बचतीत हिच्यापुढे कोणी नाही. अडचण बिघाड शोधताना येते. दोन राऊटरांमध्ये चार समांतर लिंक असतील, तर ट्रेसराऊट चारींना एकच पत्ता दाखवणार. कुठल्या लिंकवर पॅकेट गळतंय ते पिंग करून पाहायची सोयही गेली. ज्यांच्याकडे इंटरफेसनिहाय आकडे गोळा करणारी चांगली देखरेख आहे त्यांनीच या वाटेला जावं.

आयपीव्ही६ मध्ये टंचाईचा मुद्दाच निकालात निघतो. तरीही वाद इथेच जास्त रंगला. सुरुवातीच्या आराखड्यात प्रत्येक सबनेट /६४ चं असणार हे गृहीत होतं. त्यात १.८ गुणिले दहाचा एकोणिसावा घात इतके पत्ते बसतात. यंत्राने आपला पत्ता आपणच बनवावा, यासाठी शेवटचे ६४ बिट सोडलेले. राऊटरांच्या लिंकवर पत्ते हातानेच भरले जातात, त्यामुळे ती सोय तिथे कोणी वापरत नाही. पण ‘सगळीकडे एकच माप’ या नियमाचं आकर्षण मोठं होतं, आणि लिहिणाऱ्या-वाचणाऱ्याला ते सोपंही पडतं.

आयपीव्ही४च्या सवयीने काहींनी /१२७ लावून पाहिला. सप्टेंबर २००३ मध्ये पेक्का साव्होला यांच्या आरएफसी ३६२७ ने त्याविरुद्ध इशारा दिला. कारण असं: आयपीव्ही६ मध्ये सबनेटचा पहिला, सगळे शून्य असलेला पत्ता ‘त्या सबनेटवरच्या कुठल्याही राऊटरचा’ असा सामायिक मानला जातो. /१२७ मध्ये पत्ते दोनच. एका राऊटरला ::१ दिला की तो नियमाप्रमाणे ::० सुद्धा आपलाच म्हणून धरून बसतो. मग दुसऱ्याला ::० द्यायला गेलात, की तो लिंकवर विचारणा करतो, हा पत्ता आधीच कोणाचा आहे हे त्याला कळतं आणि तो पत्ता घेतच नाही. साव्होलांचं मत होतं की शक्य तर /६४ लावा, नाहीतर /११२ बरा. /११२ मागे वाचनाची सोय होती. शेवटच्या अपूर्णविरामानंतरचा सगळा गट लिंकला मोकळा मिळतो.

काही वर्षांत /६४ चीच दुखणी बाहेर आली. पहिलं, पॅकेटांचा पिंगपाँग. सोनेटसारख्या लिंकवर समोर कोण आहे हे विचारायची पद्धत नसते. जे लिंकच्या सबनेटमधलं ते पलीकडे ढकलायचं, इतकंच. आता त्या /६४ मधल्या, कोणालाच न दिलेल्या पत्त्यावर कोणी पॅकेट पाठवलं. पहिला राऊटर म्हणतो, हे माझं नाही, लिंकपलीकडचं असेल. दुसराही तेच म्हणून परत ढकलतो. पॅकेटमध्ये उड्यांची मर्यादा जास्तीत जास्त २५५ असते. ती संपेपर्यंत हा खेळ चालतो. म्हणजे एक मेगाबिट पाठवणाऱ्याने बसल्या जागी तुमच्या लिंकवर दोन-अडीचशे मेगाबिटचं ओझं टाकलं. मार्च २००६ च्या आरएफसी ४४४३ ने असं पॅकेट आल्या वाटेने परत पाठवायला मनाई केली, तरी जुनी यंत्रं कागद बदलला म्हणून बदलत नाहीत.

दुसरं दुखणं इथरनेटवरचं, आणि माझ्या मते जास्त गंभीर. इथरनेटवर राऊटर पॅकेट देण्याआधी ‘हा पत्ता कोणाचा?’ म्हणून पुकारा करतो आणि उत्तर येईपर्यंत आपल्या शेजाऱ्यांच्या तक्त्यात एक अर्धवट नोंद धरून ठेवतो. मूळ नियमात सेकंदाच्या अंतराने तीन पुकारे आहेत, म्हणजे एक नोंद साधारण तीन सेकंद जागा अडवते. बाहेरून कोणी सेकंदाला हजार वेगवेगळ्या पत्त्यांवर पॅकेटं सोडली, तर तीन हजार अर्धवट नोंदी सतत तुंबून राहणार. सेकंदाला लाख सोडली तर तक्ताच भरून जाईल आणि खऱ्या शेजाऱ्याची नोंदही त्यात तगणार नाही. पत्ते संपायची धास्ती हल्लेखोराला नसते. /६४ त्याला अमर्याद मैदान देतो. मार्च २०१२ च्या आरएफसी ६५८३ चा विषय हाच आहे. /१२७ वर मैदानच नसतं, दोन्ही पत्ते दोन राऊटरांचे.

म्हणून एप्रिल २०११ मध्ये आरएफसी ६१६४ ने पारडं फिरवलं. कोहनो, निट्झन, बुश, मात्सुझाकी, कोलिट्टी आणि नार्टेन या लेखकांनी लिहिलं की राऊटर-राऊटर लिंकवर /१२७ चालवता आलाच पाहिजे, आणि /१२७ असेल तिथे तो सामायिक शून्य पत्ता राऊटरने बंद ठेवला पाहिजे. पुढच्या फेब्रुवारीत आरएफसी ६५४७ ने साव्होलांचा कागद अधिकृतपणे इतिहासजमा केला. साव्होला चुकले होते असं मी म्हणणार नाही. त्यांनी जी अडचण दाखवली ती खरी होती; नियम बदलून ती दूर केली गेली.

मग /१२६ चं काय? तो अजून बऱ्याच ठिकाणी दिसतो, आणि त्याचं कारण केवळ ::१ आणि ::२ ही जोडी. /१२७ मध्ये ही जोडी बसत नाही. ::१ चा जोडीदार ::० आणि ::२ चा ::३. ज्यांना एक-दोन म्हणण्यातच सुख आहे ते /१२६ घेतात. बिघडत काही नाही, पण दोन पत्ते रिकामे राहतात, म्हणजे वरची दोन्ही दुखणी कमी प्रमाणात का होईना उरतात. /१२७ वाल्यांनीही एक पथ्य पाळावं: शेवटचे ६४ बिट सगळे शून्य असलेला पत्ता आणि अगदी टोकाचे १२८ पत्ते आरएफसी ६१६४ टाळायला सांगतो. तेव्हा ::२-::३ घ्या, किंवा सोळाच्या मोजणीतले ‘ए’ आणि ‘बी’. हे शेवटचे दोन एकाच /१२७ मध्ये पडतात आणि लिंकचं ‘ए’ टोक, ‘बी’ टोक असं बोलायलाही बरं पडतं.

आराखड्यासाठी आता बहुतेक जाणती मंडळी जे करतात तेच मला योग्य वाटतं: प्रत्येक लिंकसाठी वहीत अख्खा /६४ राखून ठेवायचा आणि राऊटरवर त्यातला फक्त /१२७ लिहायचा. ही उधळपट्टी वाटते, पण हिशेब करा. एपीनिककडून पहिल्यांदा मिळतो तो किमान /३२, त्यात /४८ बसतात ६५,५३६. त्यातला एकच /४८ यंत्रणेसाठी काढला, तर त्यात /६४ आहेत पुन्हा ६५,५३६, म्हणजे तितक्या लिंक. कुठलाही जिल्हा पुरवठादार इथवर पोचणार नाही. उद्या कुठल्या यंत्राने /६४ चाच हट्ट धरला, तर मास्क बदलायचा. पत्ते तेच राहतात.

/६४ पेक्षा लांब मार्ग चिप नीट हाताळत नाही, हा जुना आक्षेप अजून कानावर येतो. जुलै २०१५ च्या आरएफसी ७६०८ ने /१२८ पर्यंतची कुठलीही लांबी राऊटरने स्वीकारलीच पाहिजे असं ठरवलं आहे. शिवाय लिंकचे मार्ग बाहेर जाहीर करायचेच नसतात. आतही त्यांचा एकच मोठा ब्लॉक जाहीर केला की पुरतो.

आयपीव्ही६ मधल्या बिनपत्त्याच्या वाटेला वेगळं बळ आहे, कारण तिथे प्रत्येक इंटरफेसला लिंकपुरता पत्ता आपोआप मिळतोच. फक्त त्यावर नेटवर्क चालवावं का, याचा ऊहापोह नोव्हेंबर २०१४ च्या आरएफसी ७४०४ मध्ये आहे, आणि त्याने दोन्ही बाजू मांडून निवड वाचकावर सोडली आहे. डेटा सेंटरवाल्यांनी मात्र निकाल लावून टाकला. तिथे ३२ लीफ आणि ४ स्पाइन म्हटले तरी १२८ लिंक होतात. /३१ ने एक /२४ पुरा खपतो आणि एवढ्या जोड्या बिनचूक भरणं हेही काम असतं. आता आयपीव्ही४चे मार्गसुद्धा आयपीव्ही६च्या लिंकपुरत्या पत्त्यावरून शिकता येतात; २००९ च्या आरएफसी ५५४९ ने ती सोय केली आणि २०२० मध्ये आरएफसी ८९५० ने तिची जागा घेतली. सगळ्या लिंक यंत्रानेच उभ्या केल्या-पाडल्या जातात तिथे हे उत्तम. डोंगरावरच्या टॉवरला जाणाऱ्या एकुलत्या एका लिंकसाठी मात्र हातात पिंग करायला एक पत्ता असलेला बरा.

एक अपवाद नेहमी विसरला जातो. दोन टोकांपैकी एका बाजूला राऊटरांची जोडी असेल आणि त्यांचा सामायिक आभासी पत्ता असेल, तर ती लिंक दोन टोकांची राहतच नाही. तिथे मुकाट्याने /२९ घ्या. इंटरनेट एक्स्चेंजचं सामायिक लॅन हा तर वेगळाच विषय.

तेव्हा माझा कौल असा: आपल्या राऊटरांमध्ये आयपीव्ही४ असेल तर सार्वजनिक /३१, आयपीव्ही६ असेल तर /६४ राखून /१२७, आणि ग्राहकाच्या टोकाला त्याचं यंत्र पाहून ठरवायचं. महाविद्यालय असो, नगरपालिका असो की छोटा पुरवठादार, पुढच्या खरेदीत आरएफसी ३०२१ आणि आरएफसी ६१६४ ही दोन नावं तांत्रिक अटींमध्ये लिहून टाका. माल आला की दोन राऊटर टेबलावर समोरासमोर जोडा, दोन्ही मास्क लावून पिंग करून पाहा, आणि मगच बिल मंजूर करा.